व्हँकोमायसिन देताना मान-चेहरा लाल झाला: ही ॲलर्जी धरायची का? आणि लेव्हल नेमकी कधी काढायची?

रात्रपाळी_स्टाफनर्स

नमस्कार मंडळी. मेडिसिन वॉर्डात व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक नेहमी लागतं, पण ते सोडायची पद्धत प्रत्येक पाळीत वेगळी. कुणी १ ग्रॅम १०० मिली सलाईनमध्ये घालून अर्ध्या तासात संपवतं, कुणी २५० मिलीत घालून दीड-दोन तास लावतं. दोघांचं म्हणणं एकच: "असंच देतात."

सध्याचा पेशंट: पुरुष, वजन ६५ किलो, रक्ताच्या कल्चरमध्ये एमआरएसए (मेथिसिलिनला न दबणारा स्टॅफ जंतू), क्रिएटिनिन १.१, ऑर्डर १ ग्रॅम दर १२ तासांनी. दुसरा डोस १०० मिलीत, अर्ध्या तासाच्या हिशेबाने लावला होता. पंधराव्या मिनिटाला चेहरा, मान आणि छातीचा वरचा भाग लालभडक, खूप खाज, अंगातून वाफा निघतात अशी तक्रार. बीपी १२४/७६ वरून ११०/७०. धाप नाही, ओठ-जीभ सुजलेली नाही, घरघर नाही. सलाईन बंद केल्यावर पाऊण तासात सगळं ओसरलं. आता फाइलवर लाल पेनाने "व्हँको ॲलर्जी" लिहिलंय आणि पुढचा डोस अडलाय.

विचारायचं असं की १) ही ॲलर्जी आहे का? २) किती पाण्यात, किती वेळात द्यायचं, थेंबांच्या हिशेबात सांगा, कारण पंप प्रत्येक खाटेला मिळत नाही. ३) "लेव्हल (रक्तातली औषधाची पातळी) पाठवा" असं लिहून येतं, पण ती कधी काढायची यावर एकमत नाही.

---

औषधखिडकी

सिस्टर, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नात आहे, म्हणून आधी दुसरा घेतो.

व्हँकोमायसिनची मर्यादा मिनिटाला १० मिग्रॅ. शिवाय डोस कितीही लहान असला तरी ६० मिनिटांच्या आत संपवायचा नाही. म्हणजे ५०० मिग्रॅला एक तास, १ ग्रॅमला १०० मिनिटं, दीड ग्रॅमला अडीच तास, २ ग्रॅमला तीन तास वीस मिनिटं. तुमच्या पेशंटला १ ग्रॅम अर्ध्या तासाच्या गतीने जात होतं, म्हणजे मिनिटाला सुमारे ३३ मिग्रॅ. मर्यादेच्या तिप्पट. चेहरा लाल झाला नसता तरच नवल.

आता पातळ किती करायचं ते. ५०० मिग्रॅच्या व्हायलमध्ये १० मिली आणि १ ग्रॅमच्या व्हायलमध्ये २० मिली इंजेक्शनचं पाणी घाला. दोन्हीत मिलीला ५० मिग्रॅ औषध येतं. हे द्रावण सरळ शिरेत कधीही द्यायचं नाही, आणखी पातळ करायचंच. शेवटी मिलीला ५ मिग्रॅपेक्षा जास्त औषध नको. म्हणजे ५०० मिग्रॅला निदान १०० मिली आणि १ ग्रॅमला निदान २०० मिली. नॉर्मल सलाईन किंवा ५ टक्के डेक्स्ट्रोज, दोन्ही चालतात. मिलीला १० मिग्रॅपर्यंत जायची मुभा फक्त पाणी मोजून द्यावं लागतं अशा पेशंटला, आणि तेही शक्यतो सेंट्रल लाइनमधून. तुमच्याकडचं "१ ग्रॅम १०० मिलीत" नेमकं तेवढंच घट्ट आहे आणि ते हाताच्या शिरेतून चाललंय.

थेंबांचा हिशेब. २५० मिलीच्या बाटलीतून आधी २० मिली काढून टाका, मग औषधाचे २० मिली घाला. एकूण २५० मिलीच राहतात. १०० मिनिटांत २५० मिली म्हणजे मिनिटाला अडीच मिली. साध्या सेटचे २० थेंब म्हणजे १ मिली, तेव्हा मिनिटाला ५० थेंब. दोन तास लावले तर ४२ थेंब, आणि पंप नसेल तेव्हा मी दोन तासच सुचवेन, कारण हात सरळ केला की थेंब पळतात आणि कोपर वाकवलं की अडतात. सेटच्या वेष्टनावर थेंबांचा आकडा छापलेला असतो, तो एकदा बघून घ्या, सगळे सेट २० चे नसतात. पंप असेल तर १०० मिनिटांसाठी तासाला १५० मिली, दोन तासांसाठी १२५.

औषध घातल्यावर बाटली चार-पाच वेळा सावकाश उलटीसुलटी करा. नाहीतर औषध तोंडाशीच बसतं, पहिली पंधरा मिनिटं घट्ट द्रावण जातं, आणि "आम्ही तर हळूच लावलं होतं" म्हणायची वेळ येते.

अजून एक, याकडे फार कुणाचं लक्ष जात नाही. बाटली रिकामी झाली तरी सेटच्या नळीत १५-२० मिली उरतं. १०० मिलीत १ ग्रॅम असेल तर त्या २० मिलीत २०० मिग्रॅ असतात, डोसचा पाचवा हिस्सा. सेट काढून टाकला की तो कचऱ्यात. २५० मिलीत केलं तर तेच नुकसान ८० मिग्रॅचं. म्हणून बाटली संपली की त्याच सेटमधून सलाईन सोडून नळी धुवायची, पण त्याच गतीने. घाईने सोडलं तर नळीतलं औषध एका दमात आत जातं आणि डोस संपल्यावर पेशंट लाल होतो.

स्नायूत तर हे औषध द्यायचंच नाही. भयंकर दुखतं आणि तिथलं मांस मरतं.

---

भूलतज्ज्ञ_आयसीयू

वरच्याशी सहमत. पहिल्या प्रश्नाबद्दल.

तुम्ही वर्णन केलीय ती इन्फ्युजन रिॲक्शन. पूर्वी हिला "रेड मॅन सिंड्रोम" म्हणत. ते नाव आता टाळतात, आणि नुसतं सभ्यतेपोटी नाही: सावळ्या-काळ्या कातडीवर लाली दिसतच नाही. तिथे खाज, कातडीची ऊब आणि पेशंटची "भाजल्यासारखं होतंय" ही तक्रार यांवरूनच ओळखावं लागतं. लाली शोधत बसलात तर हुकेल.

यात खऱ्या ॲलर्जीतल्या आयजीई अँटिबॉडीचा संबंध नसतो. व्हँकोमायसिन मास्ट पेशींवरच्या एमआरजीपीआरएक्स-२ नावाच्या रिसेप्टरला थेट डिवचतं आणि हिस्टामिन बाहेर पडतं. म्हणूनच ते पहिल्याच डोसला होऊ शकतं, आणि म्हणूनच गतीवर अवलंबून असतं. खरी ॲलर्जी गतीला भीक घालत नाही.

मॉर्फिनसारखी ओपिऑइड्स, स्नायू शिथिल करणारी काही औषधं, सीटीचा कॉन्ट्रास्ट ही मंडळीही हिस्टामिन सोडतात. ती आणि व्हँको एकाच तासात आली तर नेहमीच्या गतीलाही पेशंट लाल होतो. म्हणून ऑपरेशन टेबलावर भूल देता देता व्हँको उघडं सोडणं ही फार वाईट सवय. ते चीर देण्याच्या दीड-दोन तास आधी, वॉर्डातच सुरू व्हायला हवं.

करायचं काय:

फक्त लाली आणि खाज असेल तर सलाईन थांबवा. डायफेनहायड्रामिन २५ ते ५० मिग्रॅ किंवा क्लोरफेनिरामिन १० मिग्रॅ शिरेतून सावकाश. सगळं ओसरलं की तोच डोस निम्म्या गतीने पुन्हा सुरू. डोस फेकून द्यायचा नाही. तुमच्या पेशंटच्या बाबतीत मिनिटाला ३३ मिग्रॅचं निम्मं म्हणजे १६, तेही जास्तच. त्याला १० च्या खालीच ठेवा.

बीपी घसरलं किंवा छाती-पाठ आवळून दुखू लागली तर सलाईन बंद, पाय वर, नॉर्मल सलाईनचा बोलस, अँटिहिस्टामिन, डॉक्टर खाटेशी. सावरल्यावर औषध द्यायचंच असेल तर डोस चार तास लावून, मॉनिटरवर.

घरघर, आवाज बसणं, ओठ-जीभ-घसा सुजणं, अंगभर गांधी, उलट्या, बीपी कोसळणं यांतलं काही दिसलं तर ते ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी रिॲक्शन, धरायचं. ॲड्रेनॅलिन ०.५ मिग्रॅ, म्हणजे मिलीला १ मिग्रॅच्या अँप्युलमधलं अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मध्यावर, स्नायूत. पाच मिनिटांत फरक नाही तर पुन्हा. दोन्हींत गोंधळ होत असेल तर ॲड्रेनॅलिन देऊन चुकलेलं परवडतं. त्यानंतर व्हँको पुन्हा लावायचं नाही.

तुमच्या पेशंटला यांतलं शेवटचं काहीच नव्हतं. फाइलवरचा शेरा बदला. चुकीचा "ॲलर्जी" शिक्का हा नुसता कागदी दोष नाही. एमआरएसएच्या पेशंटचं मुख्य औषध त्यामुळे कायमचं काढून घेतलं जातं, आणि पुढच्या दवाखान्यात तो शेरा कुणी तपासत नाही.

---

इंटर्न_२

मग सगळ्यांनाच आधी अँटिहिस्टामिन देऊन टाकलं तर? प्रश्नच मिटला ना?

---

भूलतज्ज्ञ_आयसीयू

@इंटर्न_२ नाही. गती बरोबर असेल तर बहुतेकांना त्याची गरज पडत नाही. वर म्हाताऱ्या माणसाला डायफेनहायड्रामिन म्हणजे गुंगी, बरळणं आणि लघवी अडणं. आधी रिॲक्शन येऊन गेलीय, किंवा खरोखरच घाईने द्यावं लागतंय, अशाच वेळी आधी द्या. घाईच्या डोसवर अँटिहिस्टामिनचं पांघरूण घालायचं ही सवय लागली की गती कुणी बघतच नाही.

---

सुई_आणि_शीर

शिरेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

व्हँकोचं द्रावण आम्लधर्मी असतं, पीएच साधारण २.५ ते ४.५. हाताच्या पाठीवरच्या बारीक शिरेत सोडलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शीर दोरीसारखी कडक होते. कोपराखालची जाड, सरळ शीर निवडा, सांध्यावरची नको. दर डोसआधी १० मिली सलाईनने धुऊन बघा: टोचतंय, सूज येतेय, ढकलायला जोर लागतोय? मग ती कॅन्युला काढा. "अजून एक डोस निघेल" म्हणून ठेवलेली कॅन्युलाच बाहेर गळते. गळलं तर सलाईन लगेच बंद, कॅन्युला काढायच्या आधी तिच्यातूनच जमेल तेवढं औषध सिरिंजने ओढून घ्या, मग हात उंच ठेवा, सूज पेनाने आखून घ्या आणि डॉक्टरांना दाखवा.

आठवड्याच्या वर कोर्स जाणार हे दिसत असेल तर पहिल्या दोन-तीन दिवसांतच लांब पल्ल्याच्या लाइनची विचारणा करा. सगळ्या शिरा संपल्यावर नको. रक्तात जंतू असताना लाइन कधी घालायची हे मात्र डॉक्टर कल्चर बघून ठरवतील.

आणि एकाच नळीत दुसरं अँटिबायोटिक नको. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम, सेफ्ट्रायॅक्सोन, सेफाझोलिन यांच्याशी गाठ पडली की पांढरा गढूळपणा येतो, कधी डोळ्यांना दिसतो, कधी नाही. हेपरिनशीही पटत नाही. एक संपलं की १०-२० मिली सलाईन, मग दुसरं. वाय-पोर्टला दोन्ही एकदम जोडून वेळ वाचवायचा नाही. पहिलं कोणतं, असंही विचारतात. सेप्सिसमध्ये दोन्ही द्यायची आहेत आणि लाइन एकच आहे, तर बीटा-लॅक्टम (वरची पिपरासिलिन, सेफ्ट्रायॅक्सोन ही त्यातलीच) आधी. ते अर्ध्या तासात किंवा त्याहून लवकर जातं आणि जास्त जातींच्या जंतूंना मारतं. व्हँको दोन तास खाटेशी अडून बसतं.

---

रात्रपाळी_स्टाफनर्स

सगळ्यांचे आभार. बाटलीतून २० मिली काढायचं आणि सेट त्याच गतीने धुवायचं, हे दोन्ही आमच्याकडे होत नव्हतं. सुधारते.

आता लेव्हल. ऑर्डरवर नुसतं "व्हँको लेव्हल सकाळी" असतं. डोस सकाळी ८ आणि रात्री ८. लॅबचा माणूस ६ ला येऊन सगळ्यांचंच रक्त घेऊन जातो.

---

रेसिडेंट_मेडिसिन

चौथ्या डोसच्या अर्धा तास आधी ट्रफ, म्हणजे डोसआधीची तळाची पातळी, काढा, १५ ते २० मध्ये (लिटरला मिग्रॅ) ठेवा. कमी आली की डोस वाढवा. इतकं सोपं आहे.

---

औषधखिडकी

@रेसिडेंट_मेडिसिन डॉक्टर, वेळ बरोबर, पण आकडा जुना झाला. १५-२० हा २००९ च्या शिफारशींमधला आकडा. २०२० मध्ये अमेरिकेतल्या संसर्गरोग आणि औषधशास्त्राच्या संघटनांनी मिळून त्या बदलल्या. एमआरएसएच्या गंभीर संसर्गात आता २४ तासांचा एयूसी (पातळीच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ) ४०० ते ६०० ठेवायचा, एमआयसी (जंतूंची वाढ रोखणारी औषधाची किमान पातळी) १ धरून. नुसत्या ट्रफवर चालायचं नाही, कारण ट्रफ १५-२० ला नेण्याच्या नादात बऱ्याच पेशंटचा एयूसी ६०० च्या वर जातो आणि किडनीला मार बसतो.

एक उदाहरण हातानेच करून दाखवतो, कॅल्क्युलेटर पुरतो. वरचाच पेशंट, १ ग्रॅम दर १२ तासांनी. लेव्हलचे आकडे समजावण्यापुरते धरलेत. डोस सकाळी ८ ला सुरू, १० ला संपला. पहिलं रक्त १२ वाजता: २८. दुसरं रक्त संध्याकाळी ७.३० ला, पुढच्या डोसच्या अर्धा तास आधी: १४.

साडेसात तासांत पातळी निम्मी झाली, म्हणजे अर्धायु ७.५ तास. ०.६९३ भागिले ७.५ म्हणजे ०.०९२४, हा तासाचा उतार. मागे जाऊन १० वाजताची खरी शिखर-पातळी निघते सुमारे ३३.७, पुढे जाऊन ८ वाजताची खरी तळ-पातळी १३.४. सलाईन चालू असतानाच्या दोन तासांचं क्षेत्रफळ: दोन्हींची सरासरी गुणिले २, म्हणजे ४७. उरलेल्या दहा तासांचं: ३३.७ वजा १३.४, भागिले ०.०९२४, म्हणजे २२०. बेरीज २६७. दिवसाला दोन डोस, म्हणून दुप्पट: ५३४.

ट्रफ १३.४ आणि एयूसी ५३४, अगदी हवा तिथे. जुन्या नियमाने "१५ च्या खाली आहे" म्हणून डोस सव्वा ग्रॅम केला असता तर एयूसी गेला असता ६६७ वर. डोस आणि एयूसी सरळ प्रमाणात चालतात, त्यामुळे उलटा हिशेबही सोपा. कुणाचा एयूसी दिवसाला २ ग्रॅमवर ७०० आला आणि ५०० हवा असेल, तर २००० गुणिले ५०० भागिले ७००, सुमारे १४३०. म्हणून ७५० मिग्रॅ दर १२ तासांनी. हा सगळा हिशेब किडनी स्थिर असेल तरच खरा, हे विसरू नका.

सिस्टर, तुमच्याकडून एवढंच लागतं. पहिलं रक्त डोस संपल्यावर एक ते दोन तासांनी, दुसरं पुढच्या डोसच्या आधीच्या अर्ध्या तासात, दोन्ही एकाच अंतरातलं. आणि ट्यूबवर तीन वेळा लिहिलेल्या हव्यात: डोस सुरू झाल्याची, संपल्याची, रक्त काढल्याची. ऑर्डरमधली वेळ नको, खरी वेळ लिहा. डोस ८ चा होता पण कॅन्युला बदलण्यात ९.२० ला लागला, तर ९.२० च लिहा. तीन वेळांशिवाय आलेला आकडा निरुपयोगी. २२ ही लेव्हल डोसच्या आधीची असेल तर जास्त, तीन तासांनंतरची असेल तर चांगली, आणि सलाईन चालू असताना काढलेली असेल तर तिला काही अर्थच नाही.

रक्त दुसऱ्या हातातून काढा. ज्या लाइनमधून व्हँको जातं तिच्यातून काढलेलं रक्त, कितीही धुतलं तरी, खोटी चढी लेव्हल दाखवू शकतं. मग कुणीतरी डोस निम्मा करतं आणि जंतू सुखात राहतात.

सहाच्या फेरीचं रक्त तुमच्या पेशंटला ट्रफ नाहीच, ते दोन तास आधीचं आहे. पण वेळ लिहिलेली असेल तर त्यावरूनही हिशेब बसवता येतो. न लिहिलेली असेल तर नाही.

---

रेसिडेंट_मेडिसिन

मान्य. पण रात्री दोन लेव्हल कोण करून देणार? आमच्या लॅबला एकच जमते.

---

औषधखिडकी

एकाच लेव्हलवरून बेझियन (संभाव्यतेच्या गणितावर चालणारं) सॉफ्टवेअर एयूसीचा अंदाज काढतं. तेही नसेल तर ट्रफ काढा, पण १५-२० च्या मागे धावू नका. १० च्या खाली असेल तर काळजी, १५ च्या पुढे असेल तर क्रिएटिनिनकडे रोज डोळे. फक्त तोंडी सांगितलेला एक आकडा ऐकून डोस बदलू नका.

---

गाळणी

किडनीच्या बाजूने लिहितो, कारण सगळ्यात जास्त चुका तिथे होतात. आणि त्या दोन्ही दिशांनी होतात.

पहिली चूक: क्रिएटिनिन ३ बघून पहिलाच डोस कमी करणं. पहिला डोस किती, हे शरीरात औषध किती जागेत पसरतं त्यावर ठरतं, किडनी किती बाहेर टाकते त्यावर नाही. सेप्सिसमध्ये लोडिंग, म्हणजे हा पहिला मोठा डोस, २० ते ३५ मिग्रॅ दर किलो, प्रत्यक्ष वजनावर, कमाल ३ ग्रॅम. ६५ किलोला दीड ग्रॅम घ्या: ५०० मिलीत, अडीच तास, तासाला २०० मिली. किडनी बिघडलेली असली तरी लोडिंग पूर्ण द्यायचं, पुढचं अंतर लांबवायचं. लोडिंगशिवाय १ ग्रॅमवर सुरुवात केली तर पातळी टेकायला दोन दिवस जातात, आणि रक्तातल्या एमआरएसएला दोन दिवस पुष्कळ झाले.

दुसरी चूक: चांगलं चाललंय म्हणून सहाव्या दिवशी क्रिएटिनिन न बघणं. किडनीचा त्रास बहुधा चार-पाच दिवसांनंतर डोकं वर काढतो. ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ ने वाढलं किंवा मूळ आकड्याच्या दीडपट झालं, तर पुढचा डोस थांबवून लेव्हल काढा. १.१ चं १.४ झालं की "अजून नॉर्मलच्या आसपास आहे" म्हणून सोडतात. तोच सूचनेचा दिवस असतो. लघवी तासाला वजनाच्या किलोमागे अर्ध्या मिलीच्या खाली, म्हणजे ६५ किलोला ३३ मिलीच्या खाली सलग सहा तास, हीसुद्धा तीच सूचना. ती क्रिएटिनिनच्या आधी मिळते, आणि ती सिस्टरांच्याच तक्त्यात असते.

अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाचं क्रिएटिनिन ०.५ असेल तर खूश होऊ नका. स्नायूच उरलेले नसतात, क्रिएटिनिन येणार कुठून? सूत्रात ०.५ घातलं की किडनी पंचविशीतली दिसते आणि डोस जास्त जातो.

सोबतची औषधं: अमिकासिन-जेंटामायसिन, अँफोटेरिसिन, फ्युरोसेमाइड, दुखण्याच्या गोळ्या, कॉन्ट्रास्ट. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमबरोबर क्रिएटिनिन जास्त वाढतं यात वाद नाही. वाद आहे तो ती खरी इजा आहे की किडनीच्या नळ्यांतून क्रिएटिनिन बाहेर पडायलाच अडथळा येतो, यावर. सिस्टॅटिन-सी (किडनीचं काम मोजायची दुसरी रक्तचाचणी) तसं वाढत नाही, त्यामुळे दुसऱ्या बाजूलाही जोर आहे. माझं मत: वाद मिटेपर्यंत पेशंटला मधे ठेवू नका. स्यूडोमोनाससाठी सेफेपिम किंवा मेरोपेनेम चालत असेल तर तिकडे वळा, नाहीतर जोडी ४८ तासांत मोडा.

डायलिसिसवाल्याला डोस डायलिसिसच्या शेवटी किंवा नंतर. आताच्या हाय-फ्लक्स मशीनमध्ये व्हँको चांगलंच धुऊन निघतं, आधी दिलं तर वाया.

---

पेट्रीडिश

मुळात व्हँको हवंय का, यावर कुणी बोललं नाही.

सुरू करायच्या आधी रक्ताच्या कल्चरचे दोन सेट, दोन वेगळ्या जागांवरून, मोठ्या माणसाला प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली. एकाच जागेच्या एकाच बाटलीत कोअॅग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफ आला तर तो बहुधा कातडीवरचा असतो, आणि त्याच्यासाठी दहा दिवस व्हँको चालतं. पण सेप्टिक शॉक असेल तर कल्चरसाठी औषध अडवू नका, तासाच्या आत पहिला डोस.

व्हँको फक्त ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतूंवर चालतं. ग्रॅम-निगेटिव्हच्या बाहेरच्या पडद्यातून एवढा मोठा रेणू आत जातच नाही. त्यामुळे "तापावर जोराचं औषध" म्हणून लघवीच्या ई. कोलायला व्हँको देणं म्हणजे फक्त किडनीचा खर्च.

कल्चरमध्ये मेथिसिलिनला दबणारा स्टॅफ, म्हणजे एमएसएसए आला, तर त्याच दिवशी सेफाझोलिन किंवा फ्लुक्लॉक्सासिलिनवर या. तिथे व्हँको "आणखी जोराचं" नसतं, उघडपणे कमी पडतं. न्युमोनियात नाकातला एमआरएसएचा पीसीआर निगेटिव्ह आला तर बहुतेक वेळा व्हँको बंद करता येतं.

रिपोर्टमध्ये स्टॅफसाठी व्हँकोचा एमआयसी आकडा हवा. डिस्कभोवतीच्या रिंगणावरून स्टॅफची व्हँको-संवेदनशीलता कळत नाही. एमआयसी २ आला तर कागदावर तो अजून "संवेदनशील" असतो, पण एयूसी भागिले एमआयसी हे ४०० चं गुणोत्तर गाठायला एयूसी ८०० लागेल, जो किडनीला झेपणार नाही. तेव्हा, आणि पाच-सात दिवसांनीही कल्चर पॉझिटिव्ह येत असेल तर, डॅप्टोमायसिनचा विचार करा. फक्त न्युमोनियात नको, फुप्फुसातलं सर्फॅक्टंट त्याला निकामी करतं. तिथे लिनेझोलिड.

या पेशंटला दर २४ ते ४८ तासांनी कल्चर, निगेटिव्ह येईपर्यंत. हृदयाची इको. दिवस मोजायचे ते पहिल्या निगेटिव्ह कल्चरपासून, पहिल्या डोसपासून नाही: सगळं साधं असेल तर निदान १४, हृदयाची झडप, हाड किंवा पू साठलेला असेल तर ४ ते ६ आठवडे. पूवाली जागा उघडल्याशिवाय आणि जंतू बसलेली जुनी लाइन काढल्याशिवाय कितीही अचूक एयूसी उपयोगाचा नाही.

लांबल्या कोर्समध्ये आठवड्याला एकदा सीबीसी. दोन आठवड्यांच्या पुढे पांढऱ्या पेशी खाली येऊ शकतात. ताप उतरून पुन्हा चढला आणि अंगावर पुरळ आलं, तर इओसिनोफिल आणि लिव्हर बघा.

---

इंटर्न_२

सी. डिफिसिल या आतड्यातल्या जंतूच्या जुलाबांना व्हँको शिरेतून देता येईल का? पेशंटला आधीच लाइन आहे.

---

पेट्रीडिश

नाही. शिरेतून दिलेलं आतड्याच्या पोकळीत पुरेसं उतरत नाही, आणि तोंडावाटे दिलेलं रक्तात जवळजवळ जात नाही. सी. डिफिसिलला तोंडावाटे १२५ मिग्रॅ दिवसातून चारदा, दहा दिवस. कॅप्सूल नसेल तर इंजेक्शनचीच पावडर पाण्यात विरघळवून पाजतात, फक्त सिरिंजवर ठळक लिहा "तोंडावाटे", आणि ती सुईला बसणार नाही अशी तोंडी सिरिंजच वापरा.

---

रात्रपाळी_स्टाफनर्स

डॉक्टरांशी बोलणं झालं. आज रात्री ८ चा डोस २५० मिलीत, दोन तासांत, ४२ थेंब. मॉर्फिन चालू नाही. फाइलवरचा शेरा नेमका काय लिहू?

---

भूलतज्ज्ञ_आयसीयू

"ॲलर्जी" खोडा, सही-तारीख घाला आणि खाली लिहा: "व्हँकोमायसिन इन्फ्युजन रिॲक्शन. १ ग्रॅम / १०० मिली, ३० मिनिटांच्या गतीने लावल्यावर १५ व्या मिनिटाला चेहरा-मान लाल, खाज. बीपी ११०/७०. धाप, सूज, घरघर नाही. थांबवल्यावर ४५ मिनिटांत ओसरलं. पुढे देता येईल: मिनिटाला १० मिग्रॅच्या खाली." रात्री पहिली पंधरा मिनिटं खाटेशी थांबा, बीपी ५, १५ आणि ३० मिनिटांना. ॲड्रेनॅलिनचं अँप्युल आणि सिरिंज ट्रेमध्ये काढून ठेवा.

---

औषधखिडकी

आणि बाटलीवर लावायची चिठ्ठी: पेशंटचं नाव, व्हँकोमायसिन १ ग्रॅम, एकूण २५० मिली, सुरू ८.००, संपेल १०.००, मिसळल्याची वेळ, सही. बाटलीवर १२५ मिलीच्या रेघेपाशी पेनाने "९.००" लिहा. नऊच्या आधी पातळी त्या रेघेला आली तर थेंब पळतायत, हे लांबूनही कळतं.